हळद्याची दाढ

माझ्या सासूबाईंना एका जागी स्वस्थ बसलेलं मी सगळ्या जन्मात दोनदाच पाहिलं. त्यातलं पहिलं सांगते, म्हणजे दुसरं आपोआप कळेल.

त्यांचं नाव बायनाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. ताडकळसपासून दोन कोसांवर आमचं गाव, कोरडवाहू वीस-बावीस एकर जमीन, सासरे मी यायच्या आधीच गेलेले आणि घरात एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे हे. एवढ्याशा संसाराची बाईनं फिकीर तरी किती करावी! जात्यावर बसल्या की दोन मुठी दळून उठायच्या आणि बाहेर जाऊन आभाळ बघून यायच्या. तव्यावर भाकरी टाकली की वेशीकडचा रस्ता बघायला दाराशी. तोवर भाकरी करपायची आणि करपलेली भाकरी माझ्या नावावर लागायची. त्यांच्या पायाला भिंगरी होती म्हणावं तर भिंगरी निदान कधीतरी थांबते.

या फिकिरीवर त्यांच्याकडे एकच औषध होतं. गूळ. आणि तो त्या स्वतः खायच्या नाहीत, कुत्र्याला घालायच्या.

त्याचं असं झालं की हे सात वर्षांचे असताना त्यांना मुदतीचा ताप आला. एकविसाव्या दिवशीही ताप उतरेना, तेव्हा आत्याबाई अनवाणी गावाबाहेरच्या खंडोबाच्या देवळात गेल्या आणि बोलल्या, "देवा, माझं लेकरू उठव. मी जिती हाय तवर दर आइतवारी तुज्या कुत्र्याला गुळाचा खडा घालीन." ताप उतरला. रविवारचा खडा सुरू झाला. मग तो रोजचा कधी झाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लेकाला शेतातून यायला उशीर झाला, एक खडा. आभाळ भरून आलं, एक खडा. मला दोन वर्षं दिवस गेले नाहीत, तर माझ्या नावानं दोन खडे. पदराच्या गाठीला गूळ कायम, त्यामुळे त्यांच्या अंगाखांद्यावर मुंग्याही कायम.

नवसाच्या वेळचं कुत्रं केव्हाच म्हातारं होऊन मेलं होतं. शेवटी शेवटी त्याच्या तोंडात एकही दात नव्हता, पण म्हातारपणी दात जायचेच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. त्याच्या जागी देवळात आता हळद्या होता. रंगानं पिवळट, त्यात देवळातला भंडारा अंगावर पडून आणखी पिवळा. खंडोबाचं कुत्रं, म्हणून गावातल्या सगळ्या बाया त्याला गोड घालायच्या. कुणाची पोळी, कुणाचा शिरा, कुणाचा मलिदा. हाडूक मात्र त्याला तोंडात धरू द्यायचे नाहीत. बाकीची कुत्री खाटकाच्या दाराशी हाडं फोडत बसायची आणि हा तिकडे फिरकला की लोक दगड मारून परत हाकलायचे. देवाच्या कुत्र्यानं हाड चघळायचं म्हणजे काय! तेव्हा मलाही ते बरोबरच वाटायचं. आपण एखाद्याचे लाड करतो तेव्हा त्याला काय हवंय ते विचारायची पद्धत आपल्यात नाही.

ही गोष्ट निजामाच्या फसली सन तेराशे सेहेचाळीसची, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीसची, माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी नुकतीच झाली होती. आमच्याकडे षष्ठीला खंडोबाचे वाघे येतात. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, पुढ्यात कोटंबा, म्हणजे देवाचं लाकडी भिक्षापात्र. त्यात वांग्याचं भरीत आणि रोडगा पडला की हे बाप्ये गुडघ्यावर बसून कुत्र्यासारखे भुंकतात आणि हात न लावता तोंडानंच खातात. देवाच्या दारचं कुत्रं होण्याचा तो मान. मला लहानपणी याचं हसू यायचं, आणि आई चिमटा काढायची.

षष्ठी झाली आणि चार दिवसांत हळद्याचं काहीतरी बिनसलं. तोंडातून लाळ गळायला लागली. सारखी मान झटकायचा, गाल जमिनीला घासायचा, एका जागी ठरायचा नाही. हाळाच्या, म्हणजे गुरांच्या कुंडाच्या, पाण्याला तोंड लावलं की किंचाळून मागं सरायचा. तिसऱ्या दिवशी पाटलांच्या वासरावर धावून गेला.

गाव चुलीपाशी, पारावर एकच शब्द बोलायला लागलं. पिसाळलं.

आमच्या गावचे पोलीस पाटील अप्पाराव. माणूस वाईट नव्हता, उलट हळवा होता, आणि हळव्या माणसाची भीती फार वाईट. तीन वर्षांपूर्वी त्यांचा सालगडी कुत्रं चावून मेला होता. शेवटचे दोन दिवस त्याला दोरीनं बांधून ठेवावं लागलं, आणि पाण्याचा तांब्या दिसला की तो ओरडायचा ते पाटलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी पेढ्यात कुचला घातला. कुत्री मारायचं विष ते. हळद्या गोडाला नाही म्हणणारच नाही, याची सगळ्यांना खात्री.

देवळाच्या ओट्यावर हळद्या पडला होता. पाटलांनी लांबून पेढा फेकला. आम्ही बाया आडाशी उभ्या होतो. हळद्यानं सवयीनं पेढा उचलला, एकदा चावला आणि असा केकाटला की माझ्या हातातली घागर सुटली. पेढा थुंकून तो गोल गोल फिरायला लागला.

"बगा," पाटील म्हणाले. "पानी न्हाई, आन् आता गोडबी न्हाई. आजून काय बगायचं ऱ्हायलं? लाठ्या काडा रे."

माझ्या शेजारी आत्याबाई उभ्या होत्या. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला, डाव्या. तो हात मी ओळखला. गेल्या पाडव्याला पुरणपोळीवर गुळवणी घेतली आणि पहिल्याच घासाला बाई अशाच गाल धरून ताटावरून उठल्या होत्या. अर्धा दिवस घराभोवती फेऱ्या घालत होत्या. डावीकडची दाढ किडली होती त्यांची. गार पाणी लागलं की कळ, गोड लागलं की त्याहून मोठी कळ.

"पाटील, थांबा!" त्या ओरडल्या. "ते पिसाळलं न्हाई. त्याची दाढ दुखायलीय."

कुणीतरी हसलंच. कुत्र्याची दाढ!

"बायनाबाई, घरला जा," पाटील म्हणाले. "माजा गडी कसा मेला, तुमी बगितलं न्हाई."

"गडी बगितला न्हाई, पन माजी दाढ मला म्हाईत हाय. त्याचा डोळा बगा की. डोळ्याखाली फुगलंय, एकाच बाजूला. पिसाळल्यावर एकच गाल सुजतो व्हय?"

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाकी कुणी त्या सुजेकडे पाहिलंच नव्हतं. सगळे लाळेकडे बघत होते.

गर्दीत सटवाजी होता. बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचं काम करायचा. जनावर दोरानं कसं पाडायचं, कसं आवळायचं, हे त्याला विचारावं. आत्याबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "सटवाजी, दोर टाक. आन् तुजी पकड दी."

सटवाजीनं दोर टाकला. बैलासारखंच हळद्याला आडवं केलं, पाय बांधले, वरून घोंगडं टाकलं. पण पकड हातात धरून म्हणाला, "मावशी, दोरापतुर माजं. तोंडात हात म्या घालनार न्हाई. मला लेकरं हायती."

"मलाबी हाय एक," असं म्हणून आत्याबाईंनी पकड घेतली.

मी तिथंच उभी होते. जाऊन त्यांना ओढलं नाही, ओरडले नाही. त्यांनी बाभळीचं दांडकं हळद्याच्या जबड्यात आडवं घातलं, वरचा ओठ उचलला आणि मला म्हणाल्या, "ये, बग." मी गेले नाही. मग त्यांनीच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की वरची दाढ काळी पडलीय, हिरडीतून पू यायलाय आणि दाढ हलायलीय. पहिल्या ओढीला पकड निसटली. दुसऱ्या ओढीला हळद्यानं सगळ्या अंगाचा झटका दिला, दांडकं मोडलं, आणि त्याचे सुळे आत्याबाईंच्या मनगटात घुसले. तिसऱ्या ओढीला दाढ आली.

रक्त कुणाचं किती, काही कळत नव्हतं. ओट्यावर ती दाढ पडली होती. लोक मात्र दाढेकडे बघत नव्हते. सगळे आत्याबाईंच्या मनगटाकडे बघत होते, आणि एकेक पाऊल मागं सरत होते.

पाटील खाली बसले. डोक्याला हात लावून म्हणाले, "काय केलंत हे, बायनाबाई?"

आता लाठ्या घेऊन कुणी पुढे झालं, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मारा. पन ते आता मेलं तर मला कळंल कसं, मी मरनार का जगनार?"

चावलेलं कुत्रं दहा दिवस जगलं तर ते पिसाळलेलं नव्हतं, एवढं गावाला ठाऊक होतं. पाटलांनी दहा दिवसांची मोहलत दिली. हळद्या आमच्या गोठ्यात साखळीनं बांधला गेला. म्हणजे माझ्या सासूचा जीव त्या साखळीला बांधला गेला असंच म्हणा.

हे कापसाच्या वेचणीवरून घरी आले तेव्हा मी रडून बेजार झाले होते. त्यांनी आईच्या हाताला गुंडाळलेली चिंधी पाहिली. ते म्हणाले, "आई, परबनीच्या दवाखान्यात चल. पोटात सुया देत्यात म्हनं." त्या सुया परभणीला मिळतात का त्यासाठी हैदराबादच गाठावं लागतं, हे गावात कुणीच नक्की सांगू शकत नव्हतं. पण आत्याबाईंचं एकच, "मी गेले की कोनीतरी ह्याला मारून टाकील. मग सुया घेऊन काय करू?"

ते दहा दिवस मला आठवू नयेत असं वाटतं आणि तेच सगळ्यांत जास्त आठवतात. आत्याबाई दिवसातून चाळीस वेळा पाणी प्यायच्या. तहान म्हणून नाही, आपल्याला पाण्याची भीती वाटते का ते बघायला. घोट घ्यायच्या, थांबायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. मी रांजणाशी उभी. पोटात पाणी डचमळत असताना ही बाई पुन्हा तांब्या उचलायची. एकदा ठसका लागला तर मी उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रामनाम घ्यायला लागले, आणि त्या ठसक्यातच माझ्यावर ओरडल्या, "मेले न्हाई आजून!"

बाकीचा सगळा वेळ त्या गोठ्यात. कडुलिंबाचा पाला उकळून त्यात मीठ टाकायच्या, त्या पाण्यात फडकं बुडवून हळद्याच्या हिरड्या पुसायच्या. तुरटी लावायच्या. तिसऱ्या दिवशी तर बाभळीचं दातवण चावून मऊ केलं आणि कुत्र्याचे दात घासायला बसल्या. शेजारच्या सुमनबाई कुडावरून डोकावून म्हणाल्या, "आता त्याला चूळ भराया सांगा." एरवी मी पोट धरून हसले असते.

सूज उतरत होती. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि माझी झोप उडाली. पदराच्या गाठीत गूळ नव्हता. दाढ काढल्यापासून त्यांनी हळद्याला गुळाचा एक खडा घातला नव्हता.

रोजचा खडा चुकला तर चुकला. पण रविवार आला.

हे शनिवारीच कापसाची गाडी घेऊन परभणीला गेले होते. रविवारी दुपारपर्यंत यायचे. दुपार टळली. मी दाराशी, आत्याबाई गोठ्यात. उन्हं कलली. रविवारी खडा नाही, नवस मोडलाय, आणि गाडी येत नाही. माझ्या मनानं दोन्हीची गाठ मारून टाकली. सांगून ठेवते, मला सासूची काळजी होतीच, पण त्या घटकेला मला फक्त माझा नवरा दिसत होता. दिवेलागणीला मी मडक्यातून गूळ काढला, मुठीत लपवला आणि गोठ्यात शिरले. आत्याबाई पाण्याला उठल्या असतील, असा माझा हिशेब.

त्या दावणीशी खाली बसलेल्या होत्या. स्वस्थ. हळद्याचं डोकं त्यांच्या मांडीवर. त्यांना असं बसलेलं पाहून मी आधी घाबरलेच.

"मुठीत काय हाय?"

"काई न्हाई."

"उघड."

मी मूठ उघडली आणि मला रडू फुटलं. "आत्याबाई, आज आइतवार हाय. गाडी आली न्हाई. तुमी नवस मोडायलाव. माजं कुकू हाय ते!"

"माजंबी लेकरू हाय," त्या म्हणाल्या. मग हळद्याच्या कानामागं खाजवायला लागल्या. "लीला, मला वाटायचं मी पुन्न करायले. माजा घोर मी ह्याच्या तोंडात टाकत गेले. ह्याच्या आदीच्याचे सगळे दात मीच खाल्ले. आजार म्हशीला आन् औषद पखालीला. ताप माज्या लेकाला, आन् कुजली ह्या मुक्याची दाढ. देवानं कदी गूळ मागितला व्हता? देवाला तर रोडगा लागतो. गूळ आपुन घातला."

"मग नवसाचं काय?"

"नवस म्या बोलले. फेडनार म्याच."

त्यांनी माझ्या तळहातावरचा खडा उचलला. देवळाच्या दिशेनं तोंड केलं, गुडघ्यावर बसल्या. म्हणाल्या, "देवा, आजपसून तुज्या दारचं कुत्रं मी." आणि, लिहायला आजही मला संकोच वाटतो, त्या भुंकल्या. एकदाच, हलक्या आवाजात. हळद्यानं कान टवकारले. मग त्यांनी तो खडा तोंडात टाकला आणि डावीकडच्या किडक्या दाढेखाली धरून चावला. त्यांचं सगळं अंग ताठ झालं. डोळ्यांतून घळघळ पाणी वाहिलं, पण गूळ संपेपर्यंत त्यांनी तो दुसऱ्या गालाकडे नेला नाही. मी त्यांचे पाय धरले. मला माझी लाज वाटली, इतकी की अजून वाटते.

गाडी रात्री आली. वाटेत चाकाचा आरा मोडला होता, बाकी काही नाही.

दहाव्या दिवशी सकाळी अप्पाराव पाटील स्वतः आले. आत्याबाईंनी गोवऱ्यांवर भाजलेला ज्वारीचा रोडगा, बाहेरून दगडासारखा कडक, हळद्यापुढे टाकला. त्यानं तो दोन पंजांत धरला, उजवीकडच्या दाढांनी फोडला आणि कडाकडा खाल्ला. मग हाळावर नेल्यावर पोटभर पाणी प्याला. पाटलांनी पटका काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "माज्या गड्यालाबी कोनी असं बगितलं असतं तर." त्याच्या बाबतीत काही करता आलं नसतं, पण आम्ही तसं म्हणालो नाही.

त्यानंतर गावात हळद्याला गोड घालायचं हळूहळू बंद झालं. खाटकाच्या दाराशी तो गेला तर कुणी दगड मारेनासं झालं. आत्याबाई स्वतः मांस शिवत नसत, पण हळद्या हाडूक घेऊन देवळामागं बसला की पदर नाकाला लावून राखण करायच्या. हळद्या पुढं नऊ वर्षं जगला आणि एक दाढ सोडली तर दातांसकट गेला.

आत्याबाईंनी आपली दाढ कधी काढली नाही. सटवाजी गमतीनं म्हणायचा, "मावशी, पकड आनू का?" त्या म्हणायच्या, "ती माजी न्हाई, देवाची हाय." दर रविवारी गुळाचा खडा, डावीकडची दाढ आणि डोळ्यांतून पाणी. फिकीर काही गेली नाही त्यांची. रझाकारांच्या दिवसांत हे महिनोन् महिने घराबाहेर होते, निजामाच्या हद्दीपलीकडे, कुठं ते सांगायची सोय नव्हती. तेव्हा रविवारच काय, रोज तीन-तीन वेळा त्या गूळ चावायच्या. एकेका दिवशी गाल सुजून डोळा बंद व्हायचा. मी म्हणायची, "आत्याबाई, नवस आइतवारचा हाय, रोजचा न्हाई." त्यावर म्हणायच्या, "कुत्र्याला काय वार कळतो?"

इंग्रजी एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात निजामाचं राज्य संपलं आणि चार दिवसांनी हे घरी आले. दाढी वाढलेली, पायात काही नाही, पण धडधाकट. आत्याबाईंनी त्यांना जेवायला वाढलं, समोर बसल्या आणि ते जेवून उठेपर्यंत एकदाही उठल्या नाहीत. दाराशी गेल्या नाहीत, आभाळ बघितलं नाही. त्यांना स्वस्थ बसलेलं मी पाहिलं ते हे दुसऱ्यांदा. त्याच थंडीत त्या गेल्या. शेवटचं पाणी घालायला मी त्यांचं तोंड उघडलं तेव्हा ती दाढ दिसली. निम्मी झिजलेली, काळी.

नवस त्यांच्या हयातीपुरता होता. तो फिटला, असं सगळे म्हणाले आणि ते खरंही होतं. पण पहिला रविवार आला, हे शेतावरून यायला जरा उशीर झाला आणि मला राहवलं नाही. मी मडक्यातून एक खडा काढला आणि गोठ्यात गेले. तिथं कुत्रं नव्हतं.

आता माझी डावीकडची दाढ दुखते. मुलगा डॉक्टरकडे चल म्हणतो. मी म्हणते, बघू, हा रविवार जाऊ दे.